बाईंची लाल खूण

"मालक कोण?"

आमच्या ऑफिसात आयकराचं रिटर्न भरायला आलेल्या माणसानं खुर्चीला पाठ टेकवायच्या आत दाभाडे बाई हा प्रश्न टाकायच्या. नाव नंतर, गाव नंतर, पाणी घेता का हेसुद्धा नंतर. आधी मालक. समोरचा गडबडायचा. कन्नड तालुक्यातली एखादी शिक्षिका लाजून शेजारी बसलेल्या नवऱ्याकडं बघायची. मग बाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "ते घरचे झाले. पगार कोण देतं ते सांगा."

त्यांचा सगळा जीव त्या एका रकान्यात होता. नोकरदाराला वर्षाकाठी फॉर्म सोळा मिळतो. पगार किती दिला आणि त्यातून कर किती कापला, याचा मालकानं दिलेला दाखला. त्यावर मालकाचं नाव असतं आणि त्याचा एक नंबर असतो, टॅन म्हणतात त्याला. आधी चार अक्षरं, मग पाच आकडे, शेवटी परत एक अक्षर. रिटर्न भरताना हा नंबर जसाच्या तसा उतरवायचा. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की तुमच्या पगारातून कापलेला कर सरकारला तुमच्या नावावर दिसत नाही. मग नोटीस. बाई म्हणायच्या, "पगाराचा आकडा चुकला तर रुपयात चुकतो गं. मालक चुकला तर माणूसच चुकला."

हे सगळं मी आज घडाघडा सांगते. पण उस्मानपुऱ्यातल्या मेडिकलच्या वरच्या मजल्यावरच्या या ऑफिसात पहिल्यांदा जिना चढून गेले, तेव्हा मला टॅन आणि पॅन यातला फरक सांगता येत नव्हता. बी.कॉम. पिशोरला माहेरी असतानाच झालं होतं, त्यावर दहा वर्षांची धूळ. नवऱ्याचं मोबाइल रिचार्जचं दुकान बसलं होतं, मुलगी तिसरीत, आणि घरमालक दर पाच तारखेला दारात येऊन नुसता उभा राहायचा. बोलायचा नाही, उभा राहायचा. ऑफिस चालवणाऱ्या जोगदंड साहेबांनी मला तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवलं आणि म्हणाले, "बाई ठेव म्हणल्या तर पुढं बघू." म्हणजे माझी नोकरी, माझं घरभाडं आणि मुलीची शाळा, सगळं त्या साठीच्या बाईच्या हातात! आणि ती बाई पहिल्या दिवशी मला काय म्हणाली? "हात दाखव." मी दाखवले. "नखं काप. की-बोर्डवर शेजारचं बटण दाबलं जातं."

मी मनात म्हटलं, वैशाली, आपलं काही खरं नाही.

बाईंचं टेबल म्हणजे एक संस्थान होतं. एक स्टीलची पट्टी, एक औषधाच्या गोळ्यांची जुनी डबी आणि तिच्यात भाजलेला ओवा, आणि एक लाल-निळी पेन्सिल. पायात नातवाचे जुने पांढरे बूट आणि वर नेसलेली सुती साडी. कागद आला की पट्टी त्या ओळीखाली ठेवायची, मालकाचा नंबर एकदा सरळ वाचायचा, एकदा शेवटाकडून उलटा वाचायचा. उलटा का? तर सरळ वाचताना डोळा स्वतःच्या मनाचं वाचतो, उलटं वाचताना त्याला मुकाट्यानं कागदावरचंच वाचावं लागतं. त्यानंतर तिसऱ्यांदा तो नंबर खुद्द गिऱ्हाइकानं मोठ्यानं वाचायचा. ही बाईंची सक्ती होती. "ज्याचा कागद, त्यानं वाचायचा." तिन्ही जुळलं की छापील प्रतीवर त्या नंबरच्या शेजारी लाल पेन्सिलीनं एक खूण. बरोबरची खूण, शेपूट लांब ओढलेली. खूण झाल्याशिवाय रिटर्न पाठवायचं नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही.

मोबाइलवर फोटो पाठवणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. एकदा टाउन हॉलकडचे एक बँकेतले भाई आले आणि फोन पुढं केला. बाईंची दख्खनी हिंदी सुरू झाली. "भाई, ये पाच है का एस है, तुम्हीच बोलो." त्यांनी डोळे बारीक केले, फोन लांब धरला, जवळ धरला. "पाच... नै बाई, एस दिखता." "हां. तो कागज लाओ. घर कुछ दूर नै तुम्हारा." भाई हसत जिना उतरले आणि कागद घेऊन आले. दरवर्षी येताना ते बाईंसाठी खजूर आणायचे, म्हणजे परत धाडल्याचा त्यांना राग आला नसावा.

कॉलेजातले एक प्राध्यापक मात्र चांगलेच तापले होते. "मी काय पहिलीत आहे का, मोठ्यानं वाचायला?"

"नाही सर," बाई शांतपणे म्हणाल्या, "पहिलीतली पोरं लगेच वाचतात."

ऑफिसात खसखस पिकली. सर लालेलाल झाले, कागद ओढून घेतला, आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात वाचायला लागले. चौथ्या अक्षरापाशी थांबले. परत वर बघितलं. मग अगदी खालच्या पट्टीत म्हणाले, "हा मिसेसचा आहे वाटतं." दोघंही शिकवणारी, संस्था वेगळ्या, आणि सर घाईत बायकोचा फॉर्म घेऊन आले होते. बाईंनी हसू दाबलं आणि ओव्याची डबी त्यांच्यापुढं सरकवली.

ही शिस्त बाईंनी कुठून आणली, ते मला त्यांनीच एका दुपारी डबा खाताना सांगितलं. चिकलठाण्याला एका कारखान्यात त्या बावीस वर्षं पगार विभागात होत्या. तो कारखाना बंद पडला, आता तिथं लग्नाचं लॉन झालंय. एका लग्नाला आम्ही दोघी गेलो तेव्हा बाई मधोमध उभ्या राहिल्या, चार पावलं डावीकडं गेल्या आणि म्हणाल्या, "इथं माझं टेबल." तिथं पाणीपुरीचा स्टॉल होता. बाईंनी उभ्या उभ्या एक प्लेट खाल्ली आणि म्हणाल्या, "बघ, टेबल अजून चालू आहे."

तर त्या कारखान्यात नव्या असताना बाईंनी कामगारांच्या फॉर्मवर कंपनीचा नंबर हातानं लिहिताना एक आकडा चुकवला. एकाच्या नाही, सगळ्यांच्या. पहिला चुकला आणि पुढचे त्याच्यावरून उतरवले. तेव्हाचे हेडक्लार्क ओरडले नाहीत, मेमो दिला नाही. म्हणाले, "उद्यापासून एकेकाच्या मशीनपाशी जायचं, चूक माझी झाली म्हणून सांगायचं आणि त्याच्यासमोर दुरुस्त करायचं." बाई चार दिवस शॉप फ्लोअरवर फिरत होत्या. तेलकट हातांचे, वडिलांच्या वयाचे लोक मशीन बंद करून त्यांचं ऐकून घ्यायचे. "तेव्हा कळलं पोरी," बाई म्हणाल्या, "साहेबापुढं चूक कबूल करणं सोपं असतं. ज्याचा कागद आहे, त्याच्यापुढं अवघड. आणि खरं त्यालाच सांगावं लागतं. बाकीच्यांना नाही सांगितलं तरी चालतं."

मी मान डोलावली आणि भाकरीचा तुकडा मोडला. हे वाक्य एक दिवस माझ्या कामी येणार आहे, हे मला कुठं ठाऊक?

आता माझं पाप सांगते.

जुलैचा शेवटचा आठवडा. तेव्हा आजच्यासारखं आयतं भरून येत नव्हतं, साहेबांच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं हातानं घालायचो. जिन्यावरसुद्धा माणसं बसलेली. बाईंना नेमकी त्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्याची वेळ मिळाली होती. काचबिंदू होता त्यांना, नजर कडेकडेनं जात चालली होती. ऑफिसात फक्त मला माहीत, साहेबांना नुसता संशय. जाताना बाईंनी मला तीनदा बजावलं. "भरून ठेव. पाठवू नको. मी चारला येते."

दोन वाजता भागवत गोरे आला. सोयगावकडचा. त्याचे वडील अजून मेंढरं राखतात, हा शेंद्र्याला एका मोठ्या कंपनीत क्रेन चालवतो. पंचवीस-सव्विशीचा, युनिफॉर्मवरच आलेला, तीनच्या शिफ्टची घाई. मी अगदी बाईंच्या थाटात विचारलं, "मालक कोण?"

"मालक? कंपनीच की मॅडम." त्यानं छातीवरचं कंपनीचं नाव दाखवलं.

त्या कंपनीची चाळीस-एक माणसं मी त्या आठवड्यात उरकली होती. तिचा टॅन मला तोंडपाठ होता, आणि त्याचाच मला तोरा आला होता. पट्टी नाही, सरळ नाही, उलटं नाही. कागदावर बघितलंही नाही, बोटांनी घातला. गोऱ्याला वाचायला दिला नाही. "मॅडम, गाडी जाईल माझी," तो म्हणाला, आणि मी त्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपी घालून रिटर्न पाठवून दिलं. शहाणी! चारला बाई आल्या, तोवर ती फाइल मी पाठवलेल्यांच्या गठ्ठ्यात सरकवून दिली होती.

नोव्हेंबरात गोरे परत आला. हातात नोटिशीची झेरॉक्स. साहेब अजून आले नव्हते. तो दारातच उभा, चपला काढू का नको अशा बेतात.

"बाई, म्या काय चोरी केली का? दर महिन्याला कर कापायलेत माझा, अन् हे म्हणायलेत कापलाच नाय. बाप विचारायलाय, सरकारनं पत्र कशापायी धाडलं. मेंढरं इकून भरतो म्हणायलाय. लई भ्या वाटायलंय."

बाईंनी फाइल काढली. फॉर्म सोळा वरती ठेवला, पट्टी लावली, कागद पार नाकाशी नेला. मालकाच्या रकान्यात कंपनीचं नावच नव्हतं. पुण्याच्या एका लेबर कॉन्ट्रॅक्टरचं होतं. गोरे त्या कंपनीच्या फाटकातून आत जायचा, तिची क्रेन चालवायचा, तिच्या कँटीनमध्ये जेवायचा, तिचं नाव छातीवर मिरवायचा. पण कागदावर त्याचा मालक भलताच होता, आणि हे त्या बिचाऱ्यालाही धड ठाऊक नव्हतं. बाईंच्या तिसऱ्या वाचनाचं कारण हेच होतं.

मग त्यांनी रिटर्नची प्रत बघितली. नंबरच्या शेजारची जागा कोरी होती.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. तीन महिन्यांच्या बोलीला नुकती कुठं मुदतवाढ मिळाली होती. साहेबांचा नियम सगळ्यांना पाठ होता: नोटीस आली की खूण करणारा घरी, आणि खूण नसली तर रिटर्न भरणारा. माझ्या डोळ्यांसमोर दारात मुकाट उभा राहिलेला घरमालक आला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला गोऱ्याची काळजी नव्हती, स्वतःचीच होती.

बाईंनी लाल पेन्सिल उचलली आणि त्या चुकीच्या नंबरच्या शेजारी खूण केली. शेपूट लांब ओढलेली. फाइल मिटली, मला म्हणाल्या, "खाली जा, तीन चहा सांग." मी परत आले तेव्हा त्या आणि गोरे डोकी जवळ घेऊन काहीतरी बोलत होते. गोऱ्याचा चेहरा जरा सैल झाला होता.

बारा वाजता साहेब आले. फाइल उघडली. त्या खुणेवर बोट ठेवलं.

"बाई, तुमची खूण आहे इथं."

"हो साहेब. माझीच नजर चुकली."

अहो, ज्या बाईनं एका अक्षरापायी माणसं उन्हातान्हात घरी परत पाठवली, तिनं हे इतक्या सहज म्हटलं! मी चहाचे रिकामे ग्लास गोळा करत राहिले. साहेब चिडले नाहीत. वाईट माणूस नव्हताच तो. फक्त म्हणाले, "डोळ्यांचं मी बघतोय बाई बरेच दिवस. हे आता जमायचं नाही."

दुरुस्तीचा अर्ज बाईंनी त्याच दुपारी माझ्याकडून भरून घेतला. या वेळी सरळ, उलटा आणि गोऱ्याच्या तोंडून. त्याला इंग्रजी अक्षरं अडखळत यायची. बाईंनी बोटानं एकेक दाखवत त्याच्याकडून दहाच्या दहा म्हणून घेतली. दोन महिन्यांत नोटीस मिटली, मेंढरं सोयगावातच राहिली.

बाई मात्र मार्चअखेर घरी बसल्या. साहेबांनी शाल-श्रीफळ दिलं, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, दोन शब्द बोलले. मी टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या! जिन्यात मात्र मी त्यांचा हात धरला आणि रडायलाच लागले. "बाई, मी आत्ता वर जाते आणि साहेबांना सांगते."

"जा, सांग. मग दोघी घरी बसू अन् पापड लाटू." त्यांनी घड्याळाचं खोकं माझ्या हातात दिलं, म्हणजे माझे हात गुंतले. "येडे, माझे डोळे तशेबी जायलेत. डॉक्टरनं वर्ष सांगितलंय. मला बसायचंच होतं. तुला कशापायी बसवायचं? चल, रिक्षा बघ."

रिक्षात बसताना त्यांनी पदराखालून ती स्टीलची पट्टी काढली आणि मला दिली. पेन्सिल नाही दिली. "ती माझ्यापाशी राहू दे," म्हणाल्या.

त्यांच्या टेबलावर मी बसले. दर रविवारी त्यांच्याकडं जायचे, आठवड्यातल्या गमती सांगायचे, डोळ्यांत थेंब घालायचे. ते टेबल मला त्यांनी दिलं आणि मी ते गप्प बसून घेतलं, ही ठसठस काही जाईना. दोन वर्षांनी गोरे जुलैत आला. तो दरवर्षी यायचा आणि माझ्याच टेबलापाशी बसायचा, दुसरं रिकामं असलं तरी. त्याच्या नंबरावर खूण केली आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "भागवत, एक सांगायचंय. ती नोटीस आलेली ना, ती चूक बाईंची नव्हती."

तो हसला. "ठावं हाय की ताई."

"कसं?"

"तुम्ही चहा सांगाया गेलता ना, तवाच बाईनं सांगितलं. म्हणल्या, पोरगी नवी हाय, चूक तिच्या हातनं झालीय. तुझा कागद हाय म्हणून तुला खरं सांगितलं. आता राग काढायचा असंल तर साहेबाला सांग, नायतर दरवर्षी तिच्याकडंच येत जा. ती पुन्हा चुकायची नाय." त्यानं कागदाची घडी घातली. "म्हणून येतो."

मी उठून आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. साहेबापुढं खोटं, आणि ज्याचा कागद त्याच्यापुढं खरं. माझी बाई खोटं बोलतानासुद्धा आपल्या नियमातून हलली नव्हती.

त्याच संध्याकाळी मी साहेबांनाही सांगून टाकलं. म्हटलं, काढायचं तर काढा. साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "घरी जा आता. उद्या वेळेवर या." दुसऱ्या दिवशी ते स्वतः बाईंकडं जाऊन आले. काय बोलणं झालं, ते दोघांपैकी कुणीच मला सांगितलं नाही. पण पुढच्या एप्रिलपासून साहेबांनी पाकिटातला बिननोंदीचा पगार बंद केला आणि मला रीतसर पगारपत्रकावर घेतलं.

गेल्या वर्षी बाईंची लेक त्यांना कायमची नाशिकला न्यायला आली. आपल्याकडच्या मालकांचे टॅन नाशिकच्या तीन अक्षरांनी सुरू होतात. बाई म्हणाल्या, "जन्मभर तीन अक्षरं उतरवली, आता तिथंच निघाले बघ." निघायच्या आदल्या दिवशी मी गेले. घरात बोचकी बांधलेली, भिंतीवरचं घड्याळ काढलेलं. बाई खाटेवर बसल्या होत्या, पायात तेच पांढरे बूट. नजर जवळजवळ गेली होती. मी आल्याचं त्यांनी पावलांवरून ओळखलं.

"काय आणलंस?"

"कागद आणलाय बाई. माझा. फॉर्म सोळा."

त्या ताठ बसल्या. पदर सारखा केला. आणि तोच आवाज, टेबलापलीकडचा: "मालक कोण?"

मी साहेबांच्या ऑफिसचं नाव वाचलं. कापलेला कर शून्य होता, पण रकान्यात मालक होता आणि त्याच्याखाली माझं नाव होतं. बाईंना त्या ऑफिसनं असा कागद कधी दिला नव्हता. त्यांच्या काळात सगळं पाकिटातच होतं. हे माझ्या मनात आलं तसं त्यांच्याही आलं असणार, पण त्या एवढंच म्हणाल्या, "नंबर वाच."

मी वाचला. बाईंची बोटं मांडीवर एकेक अक्षर मोजत होती.

"उलटा."

उलटा वाचला. मध्ये आवाज फुटला, तर म्हणाल्या, "रडू नको, आकडा चुकतो. परत वाच." मी परत वाचला.

मग त्यांनी उशीखाली हात घातला आणि ती लाल-निळी पेन्सिल काढली. बोटभर उरली होती. मी त्यांच्यापुढं कागद धरला, खाली त्यांचंच घड्याळाचं खोकं टेकवलं, आणि नंबरापाशी न्यायला त्यांचा हात धरू लागले. त्यांनी माझा हात झटकला. "माझी खूण मला करता येते."

कागदावर बोटं फिरवत फिरवत त्या एका जागी थांबल्या आणि त्यांनी सावकाश खूण केली. शेपूट तशीच, लांब ओढलेली.

"बरोबर आली का गं? नंबरापाशी?"

खूण नंबरापाशी नव्हती. दोन ओळी खाली घसरून माझ्या नावापुढं आली होती.

"बरोबर आली, बाई," मी म्हटलं.